संगणकीय आरेखनातील नकल : स्वरूप, संबंध आणि मर्यादा

१. विषयप्रवेश

संगणकाच्या साहाय्याने आरेखन करणाऱ्याच्या हातून जी क्रिया दिवसभरात अगणित वेळा घडते आणि तरीही जिच्याविषयी तो क्वचितच विचार करतो, ती क्रिया म्हणजे काढलेल्या वस्तूची नकल करून ती अन्यत्र ठेवणे ही होय. पडद्यावरील एक खिडकी निवडावयाची, 'कॉपी' ही आज्ञा द्यावयाची, निर्देशक दुसऱ्या जागी न्यावयाचा आणि 'पेस्ट' ही आज्ञा द्यावयाची. इतके केले की तशीच दुसरी खिडकी तेथे उभी राहते. क्रिया इतकी सुलभ आहे की तिच्यात विचार करण्याजोगे काही असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तथापि त्या दुसऱ्या खिडकीविषयी काही साधे प्रश्न विचारले, तर ही सुलभता फसवी असल्याचे ध्यानात येते. पहिल्या खिडकीची रुंदी उद्या बदलली, तर दुसरीची बदलावी की नाही? पहिलीवर 'ख-१२' असा क्रमांक लिहिलेला असेल, तर दुसरीवर कोणता असावा? पहिली ज्या भिंतीत बसविलेली होती, ती भिंत नकलेबरोबर यावी काय? आणि ही खिडकी अगदी वेगळ्या आरेखनात नेऊन ठेवली व तेथे त्याच नावाची, पण निराळ्या मापाची खिडकी आधीपासून असली, तर दोहोंपैकी कोणती खरी मानावयाची? ह्या प्रश्नांची उत्तरे भूमितीपाशी नाहीत. ती प्रणाली रचणाऱ्याने केव्हातरी ठरवून ठेविलेली असतात, आणि ती ठाऊक नसलेला आरेखनकार आपल्या नकळत ती स्वीकारीत असतो. नकलेच्या ह्या क्रियेत नेमके काय घडते, ते कोणत्या तत्त्वांनुसार घडते, आणि त्याचे परिणाम रचनेवर कोणते होतात, ह्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पूर्वपीठिका

कागदावरील आरेखनाच्या काळात नकल दोन प्रकारची असे. पहिला प्रकार म्हणजे संपूर्ण आरेखनाची नकल. ती ट्रेसिंगच्या पारदर्शक कापडावर शाईने उतरवून घेतली जाई, आणि पुढे सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेल्या निळ्या छापाच्या प्रक्रियेमुळे ब्लू-प्रिंटच्या रूपाने हव्या तितक्या संख्येत मिळू लागली. दुसरा प्रकार म्हणजे एकाच कागदावर तोच आकार पुनःपुन्हा काढणे. येथे मात्र स्टेन्सिलखेरीज दुसरे साहाय्य नव्हते. दोनशे खिडक्या काढावयाच्या म्हणजे तेच श्रम दोनशे वेळा करणे क्रमप्राप्त होते. त्यांतील प्रत्येक खिडकी स्वतंत्र असे. तिच्यातील दोषही तिचा स्वतःचा असे.

हे श्रम वाचविण्याचा पहिला मूलगामी विचार आयव्हन सदरलँड यांच्या 'स्केचपॅड' ह्या प्रणालीत आढळतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जानेवारी १९६३ मध्ये सादर केलेल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी त्यांनी ती रचली, आणि तेथील लिंकन प्रयोगशाळेतील 'टीएक्स-२' ह्या संगणकावर ती चालत असे. तीत प्रकाश-लेखणीने पडद्यावर आकृती काढता येत असे. परंतु तिचे खरे महत्त्व त्याहून निराळे आहे. एकदा काढलेली आकृती 'मूळ' म्हणून ठेवून तिचे अनेक 'प्रतिनिधी' आरेखनात बसविता येत. प्रत्येक प्रतिनिधीसाठी केवळ चारच राशी साठवाव्या लागत. त्यांच्यावरून त्याचे स्थान, वळण आणि आकारमान ठरे. मूळ आकृती बदलली की सर्व प्रतिनिधी त्याच क्षणी बदलत. षट्कोनांची एक जाळी काढून मग केवळ मूळ आकृतीत फेरफार करावयाचा आणि संपूर्ण जाळीचे रूप पालटावयाचे, हे त्या प्रबंधातील उदाहरण पुढील सर्व विचाराचे बीज ठरले. शिवाय सदरलँड यांनी आकृतीबरोबर तिच्यावरील बंधनांचीही नकल करण्याची सोय केली होती. दोन रेषा समांतर असाव्यात, दोन लांबी समान असाव्यात, अशा अटी आकृतीबरोबर नव्या जागी जात.

'कट', 'कॉपी' व 'पेस्ट' ही शब्दत्रयी मात्र सर्वस्वी वेगळ्या परंपरेतून आली. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी 'जिप्सी' हा मजकूर-संपादक रचला. हस्तलिखिताचा तुकडा कात्रीने कापून दुसरीकडे डिंकाने चिकटविण्याची छापखान्यातील व संपादकीय कचेऱ्यांतील जी रीत होती, तीवरूनच ह्या आज्ञांची नावे पडली. मजकुराच्या बाबतीत ही कल्पना पूर्णपणे पुरेशी होती, कारण कापलेल्या परिच्छेदाला मागच्या पानाशी कोणतेही बंधन जोडलेले नसते. तो जेथे चिकटवावा तेथला होतो.

आजच्या आरेखन-प्रणालींत ह्या दोन्ही परंपरा एकत्र नांदत आहेत. सदरलँड यांच्या परंपरेत नकल म्हणजे मुळाशी असलेला संबंध जपणे. टेस्लर यांच्या परंपरेत नकल म्हणजे तो संबंध तोडून तुकडा मोकळा करणे. पडद्यावर मात्र दोन्हींचे फलित सारखेच दिसते. पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ ह्या साम्यात आहे.

३. भूमितीची नकल

सर्वप्रथम केवळ आकाराचा विचार करू. रेषेची नकल करणे म्हणजे तिच्या दोन टोकांचे निर्देशांक घेऊन त्यांवर एक रूपांतर लावणे होय. सरकविणे, फिरविणे, लहानमोठे करणे व आरशातील प्रतिमा घेणे ही सर्व रूपांतरे चार ओळी व चार स्तंभ असलेल्या एकाच सारणीने व्यक्त करता येतात. त्या सारणीतील सोळा अंकांपैकी शेवटच्या ओळीतील चार ठरलेले असल्याने उरलेले बारा अंक नकलेचे संपूर्ण भौमितिक वर्णन करतात.

ह्या रूपांतरांमध्ये आरशातील प्रतिमेचे स्थान विशेष आहे. सरकविणे व फिरविणे ह्यांमुळे वस्तूचा 'हात' बदलत नाही. प्रतिमेमुळे तो बदलतो. गणिताच्या भाषेत, सारणीच्या भौमितिक भागाचा निर्धारक ऋण होतो. सममित आकृतीत हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, पण उजव्या आट्यांच्या स्क्रूची आरशातून घेतलेली नकल डाव्या आट्यांची होते आणि बाजारात मिळणारा साधा नट तिच्यावर बसत नाही. पडद्यावर दोन्ही स्क्रू सारखेच भासतात. चूक उघडकीस येते ती जोडणीच्या वेळी. म्हणून यंत्राच्या डाव्या बाजूचा भाग उजव्या बाजूच्या प्रतिमेवरून तयार करताना प्रमाणित सुटे भाग त्या क्रियेतून वगळावे लागतात.

नकल कोठे ठेवावयाची हे ठरविण्यासाठी तिच्यावरील एखादा बिंदू आधार म्हणून धरावा लागतो. ऑटोकॅडमध्ये साध्या कॉपीच्या आज्ञेने हा आधारबिंदू प्रणालीच निवडते, आणि तो निवडलेल्या वस्तूंना वेढणाऱ्या चौकटीचा डावीकडील खालचा कोपरा असतो. ह्या कोपऱ्याचा रचनेशी काही संबंध असेलच असे नाही. खांबाचा मध्य, भोकाचा केंद्रबिंदू किंवा दाराच्या बिजागरीची रेषा हे रचनेच्या दृष्टीने अर्थपूर्ण बिंदू होत. म्हणूनच 'कॉपी विथ बेस पॉइंट' ही वेगळी आज्ञा दिलेली आहे. आधारबिंदू अंदाजाने ठरविलेली नकल डोळ्यांना बरोबर जागी बसल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असू शकते, आणि तीवरून पुढे केलेल्या प्रत्येक नकलेत तोच दोष उतरतो.

४. प्रत आणि प्रतिनिधी

आता प्रत व प्रतिनिधी ह्यांतील भेदाकडे वळू. समजा, एका इमारतीच्या आरेखनात साठ रेषांनी बनलेली खिडकी दोनशे ठिकाणी हवी आहे. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र प्रत ठेवली तर एकूण १२,००० रेषा होतील. प्रत्येक रेषेला सहा निर्देशांक व प्रत्येक निर्देशांकाला आठ बाइट धरल्यास केवळ भूमितीसाठी ५,७६,००० बाइट लागतील. ह्याउलट मूळ खिडकी एकदाच साठवून दोनशे प्रतिनिधी ठेवले, तर मुळासाठी २,८८० बाइट आणि प्रत्येकी बारा अंकांप्रमाणे प्रतिनिधींसाठी १९,२०० बाइट, म्हणजे एकूण २२,०८० बाइट पुरतील. हे प्रमाण सुमारे २६ : १ असे पडते.

परंतु साठवणुकीची बचत हे प्रतिनिधींचे गौण फळ होय. मुख्य भेद अर्थाचा आहे. दोनशे प्रती ठेवणारा आरेखनकार 'ह्या खिडक्या आज सारख्या आहेत' एवढेच विधान करतो. दोनशे प्रतिनिधी ठेवणारा आरेखनकार 'ही एकच खिडकी दोनशे ठिकाणी आहे' असे विधान करतो. पहिले विधान उद्याविषयी काहीच सांगत नाही. दुसरे उद्याविषयीही बोलते. म्हणून प्रत की प्रतिनिधी हा निर्णय रचनेच्या हेतूविषयीचा निर्णय आहे. जेथे साम्य हा योगायोग आहे तेथे प्रत योग्य, आणि जेथे साम्य हा नियम आहे तेथे प्रतिनिधी योग्य, असे सर्वसाधारण सूत्र सांगता येईल.

१९८२ च्या अखेरीस विक्रीस आलेल्या ऑटोकॅडमध्ये प्रतिनिधीची ही कल्पना 'ब्लॉक' ह्या नावाने रूढ झाली. १९९० मधील अकराव्या आवृत्तीने तीच कल्पना एका फाइलच्या पलीकडे नेली. तेव्हापासून दुसऱ्या फाइलमधील आरेखन 'एक्सरेफ' म्हणून जोडता येते. त्यातील वस्तू ह्या फाइलमध्ये येत नाहीत, केवळ दिसतात, आणि मूळ फाइल बदलली की पुढच्या वेळी त्यांचे बदललेले रूप दिसते. ह्याखेरीज पेस्ट करतानाच वस्तूंचा ब्लॉक बनविण्याचीही सोय आहे. मात्र त्या ब्लॉकला यंत्राने स्वतः रचलेले निरर्थक नाव मिळते. अशी नावे फाइलमध्ये साचत गेली की कोणता ब्लॉक कशाचा आहे, हे काही काळाने खुद्द आरेखनकारालाही सांगता येत नाही.

५. संबंधांची नकल

आतापर्यंत वस्तू एकट्या आहेत असे गृहीत धरले. वस्तुतः आरेखनातील कोणतीही वस्तू एकटी नसते. रेषा एखाद्या लेअरवर असते, परिमाण एखाद्या रेषेला जोडलेले असते, पृष्ठाला कडा असतात. त्यामुळे नकलेचा खरा प्रश्न असा की, निवडलेल्या वस्तूपासून निघणाऱ्या संबंधांपैकी कोणते अनुसरावयाचे आणि कोणते सोडावयाचे?

ह्या प्रश्नाचे गांभीर्य एका साध्या घनावरून दाखविता येते. घनाला आठ शिरोबिंदू, बारा कडा व सहा पृष्ठे असतात, आणि प्रत्येक कडा दोन पृष्ठांत समाईक असते. समजा, नकल करणाऱ्या कार्यक्रमाने प्रत्येक पृष्ठ घेऊन त्याच्या कडा व शिरोबिंदू ह्यांसह त्याची नकल केली. सहा पृष्ठांच्या प्रत्येकी चार, अशा एकूण २४ कडा आणि २४ शिरोबिंदू निर्माण होतील. पडद्यावर घन पूर्वीसारखाच दिसेल. परंतु ऑयलर यांच्या सूत्राने पडताळा घेतला तर मूळ घनासाठी ८ − १२ + ६ = २ हे उत्तर येते, आणि नकलेसाठी २४ − २४ + ६ = ६ हे उत्तर येते. दोन हे बंदिस्त घनाचे लक्षण आहे; सहा हे एकमेकांपासून सुट्या सहा पत्र्यांचे. ह्या नकलेला आतबाहेर राहिलेले नाही. तिचे घनफळ विचारण्यात अर्थ नाही आणि तिच्यातून भोक पाडता येत नाही.

ह्यावरील उपाय असा की, नकल करताना जुन्या वस्तूशी तिची नवी वस्तू जोडून दाखविणारी एक नोंदवही ठेवावयाची. एखादी कडा दुसऱ्यांदा भेटली की नवी न करता नोंदवहीतील आधीचीच वापरावयाची. सर्व नकला तयार झाल्यावर दुसऱ्या फेरीत प्रत्येक नव्या वस्तूतील जुने निर्देश नव्या निर्देशांत बदलावयाचे. ही दोन टप्प्यांची पद्धती ऑटोकॅडच्या अंतर्गत रचनेत स्पष्टपणे पाहावयास मिळते.

त्याच रचनेत संबंधांचे चार प्रकार मानलेले आहेत. एक वस्तू दुसरीची मालक असते, किंवा तिचा केवळ निर्देश करते. आणि ह्यांतील प्रत्येक संबंध दृढ किंवा शिथिल असतो. दृढ संबंध म्हणजे ज्यावाचून वस्तू अर्थपूर्ण राहत नाही असा. रेषेचा आपल्या लेअरशी असलेला संबंध हा दृढ निर्देश होय, कारण लेअरवाचून रेषा असू शकत नाही. एकाच आरेखनात नकल करताना मालकीचे दृढ व शिथिल असे दोन्ही संबंध अनुसरले जातात. निर्देश मात्र तसेच ठेवले जातात, म्हणून नवी रेषा जुन्याच लेअरवर राहते. दुसऱ्या आरेखनासाठी नकल करताना नियम बदलतो. तेथे दृढ मालकीबरोबर दृढ निर्देशही अनुसरावे लागतात, कारण परक्या फाइलमध्ये तो लेअर असेलच अशी खात्री नसते.

येथे एक शंका उपस्थित होण्याचा संभव आहे. नियम इतके नेमके असतील, तर अडचण कोठे उरते? उत्तर असे की, नियम नेमके असले तरी ते संबंधाच्या अर्थावर चालत नाहीत, त्याच्या नोंदलेल्या प्रकारावर चालतात. केवळ परिमाण निवडून त्याची नकल केली आणि ते ज्या रेषेचे माप दाखविते ती रेषा निवडली नाही, तर तीन मार्ग संभवतात : नवे परिमाण जुन्याच रेषेला बांधलेले राहील, ते बंधनमुक्त होऊन केवळ एक आकडा दाखवीत राहील, किंवा रेषाही आपोआप बरोबर येईल. तिन्ही मार्ग तर्कशुद्ध आहेत. त्यांपैकी आरेखनकाराला कोणता अपेक्षित होता, हे यंत्राला कळण्याचे साधन नाही.

६. परक्या आरेखनात

नकल एका फाइलमधून दुसरीत नेताना तीन प्रकारचे संघर्ष उद्भवतात : नावांचा, एककांचा आणि स्थानाचा.

नावांचा संघर्ष सर्वांत धोक्याचा आहे, कारण तो नि:शब्द असतो. समजा, मूळ आरेखनात 'दार-१' हा ब्लॉक ९०० मिलिमीटर रुंदीचा आहे आणि ज्यात तो पेस्ट करावयाचा त्या आरेखनात 'दार-१' ह्याच नावाचा ब्लॉक ७५० मिलिमीटर रुंदीचा आहे. ऑटोकॅडच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे पेस्ट करताना आधीपासून असलेली व्याख्या टिकते व येणारी टाकून दिली जाते. म्हणजे ९०० मिलिमीटरचे दार नकलले आणि ७५० मिलिमीटरचे दार उमटले. लेअरच्या बाबतीतही तेच होते. येणाऱ्या वस्तू यजमान फाइलमधील त्याच नावाच्या लेअरचा रंग व रेषाप्रकार स्वीकारतात. ह्या रीतीला आधार आहे, कारण यजमान आरेखनातील शेकडो दारे एका पेस्टने बदलून जाणे हे अधिक अनर्थकारक ठरले असते. दुसरा पर्याय म्हणजे दोन्ही व्याख्या ठेवून येणारीचे नाव बदलणे. जोडलेली एक्सरेफ फाइल कायमची आत घेताना हा मार्ग उपलब्ध असतो. तेव्हा प्रत्येक नावापुढे मूळ फाइलचे नाव जोडले जाते. ह्यात माहिती हरवत नाही, पण एकाच अर्थाचे अनेक लेअर निर्माण होतात. सारांश, एकतर अर्थ गमवावा किंवा सुव्यवस्था गमवावी, असा हा पेच आहे.

एककांचा संघर्ष वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. फाइलमध्ये साठविलेला अंक हा निव्वळ अंक असतो. तो मिलिमीटर आहे की इंच, हे वेगळे नोंदवावे लागते. दोन्ही फाइलींत ही नोंद बरोबर असेल तर प्रणाली २५.४ ने गुणून नकल योग्य आकाराची करते. नोंद चुकीची असेल तर एक इंचाचा बोल्ट एक मिलिमीटरचा होतो. इतकी मोठी चूक डोळ्यांना लगेच दिसते. लहान चूक दिसत नाही. अमेरिकेत भूमापनासाठी वापरला जाणारा सर्व्हे फूट आणि ०.३०४८ मीटरचा आंतरराष्ट्रीय फूट ह्यांत दहा लाखांस दोन इतकाच फरक आहे. परंतु ज्या बिंदूचा निर्देशांक २० लाख फूट आहे, त्याच्या बाबतीत हा फरक चार फुटांचा होतो. दोन फुटांच्या ह्या द्वैतामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठीच सर्व्हे फुटाचा वापर १९२२-२३ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे संपुष्टात आणण्यात आला.

स्थानाचा संघर्ष अंकांच्या मर्यादेशी निगडित आहे. ऑटोकॅडसारख्या प्रणाली निर्देशांक दुहेरी परिशुद्धतेने, म्हणजे ५३ द्विमान अंकांच्या अचूकतेने साठवितात. पुण्याचेच उदाहरण घ्यावे. यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात पुण्याचा उत्तर-निर्देशांक सुमारे २० लाख मीटर, म्हणजे २०० कोटी मिलिमीटर आहे. इतक्या मोठ्या अंकाजवळ दुहेरी परिशुद्धतेतील दोन लगतच्या अंकांमधील अंतर मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या अवघे दोन-तीन पट असते. तेव्हा साठवणुकीत भय नाही. पण पडद्यावर चित्र उभे करणारी उपकरणे पुष्कळदा २४ द्विमान अंकांच्या एकेरी परिशुद्धतेने काम करतात, आणि तेथे त्याच ठिकाणी लगतच्या दोन अंकांमधील अंतर १२८ मिलिमीटर भरते. मूळबिंदूजवळ काढलेला यंत्राचा भाग नकलून सर्वेक्षणाच्या नकाशात त्याच्या खऱ्या जागी ठेवला की वर्तुळे वेडीवाकडी दिसू लागतात व रेषा थरथरतात, त्याचे कारण हे आहे. ह्यावर उपाय म्हणून अनेक प्रणाली आरेखनाजवळच एक स्थानिक मूळबिंदू कल्पून चित्रण करतात. 'पेस्ट टू ओरिजिनल कोऑर्डिनेट्स' ही आज्ञा वापरताना दोन्ही फाइलींचा मूळबिंदू एकच आहे, ह्याची खातरजमा करून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

७. प्राचलिक घनाकृतींतील नकल

१९८८ च्या सुमारास आलेल्या प्रो/इंजिनिअर ह्या प्रणालीपासून आरेखनाची एक निराळी रीत प्रस्थापित झाली. तीत फाइलमध्ये केवळ अंतिम आकार साठविलेला नसतो. तो आकार ज्या क्रमाने घडला तो क्रमही साठविलेला असतो. आधी ठोकळा, मग त्याच्या वरच्या पृष्ठावर भोक, मग भोकाच्या कडेला गोलाई, अशी ती साखळी असते. एखादे माप बदलले की संपूर्ण साखळी पुन्हा चालविली जाते.

ह्या पद्धतीत भोकाची नकल करणे म्हणजे एका आकाराची नव्हे, तर एका कृतीची नकल करणे होय. कृतीला तिचे आधार लागतात. मूळ भोक 'ह्या पृष्ठावर, त्या कडेपासून २० मिलिमीटरवर' असे सांगितलेले असते. दुसऱ्या ठोकळ्यावर पेस्ट करताना 'हे पृष्ठ' व 'ती कडा' ह्यांच्या जागी कोणते पृष्ठ व कोणती कडा घ्यावयाची, हे प्रणालीला विचारावे लागते. त्यापुढे आणखी एक निवड असते : नव्या भोकाचे माप जुन्यावर अवलंबून ठेवावयाचे की स्वतंत्र करावयाचे. सदरलँड व टेस्लर ह्यांच्या परंपरांमधील जुना भेद येथे आरेखनकारापुढे उघड प्रश्नाच्या रूपाने उभा राहतो, हा ह्या पद्धतीचा गुणच म्हटला पाहिजे.

मात्र आधारांचा निर्देश कसा करावयाचा, हा प्रश्न अद्यापि पूर्णपणे सुटलेला नाही. 'सातवे पृष्ठ' असा क्रमांकाने निर्देश केला आणि आधीच्या एखाद्या कृतीत बदल होऊन पृष्ठांचा क्रम पालटला, तर सातवे पृष्ठ भलतेच ठरते व भोक भलत्याच ठिकाणी पडते. पृष्ठांना टिकाऊ नावे देण्याची ही समस्या संशोधकांपुढे दीर्घकाळ आहे. फ्रीकॅड ह्या मुक्त प्रणालीचे वापरकर्ते अनेक वर्षे तिच्याशी झगडत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या १.० ह्या आवृत्तीत त्या अडचणीची तीव्रता पुष्कळशी कमी करण्यात आली.

प्रणाली-प्रणालींमधील देवाणघेवाणीत तर संबंधांची हानी जवळजवळ अटळ होते. १९८० मधील इजेस आणि १९९४ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध होऊ लागलेले स्टेप ह्यांच्याद्वारे आकार एका प्रणालीतून दुसरीत बऱ्याच अचूकपणे नेता येतो. परंतु व्यवहारात तो घडण्याचा क्रम मागेच राहतो. अशा घनाला जाणकार 'मुका घन' म्हणू शकतील : तो काय आहे हे दिसते, पण तो तसा का आहे, हे तो सांगत नाही.

ही हानी किती महाग पडू शकते, ह्याचे सर्वज्ञात उदाहरण एअरबस ए३८० ह्या विमानाचे आहे. त्या प्रत्येक विमानात ५०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या विद्युततारा आहेत. हॅम्बुर्ग येथील रचनाकार काटिया ह्या प्रणालीची चौथी आवृत्ती वापरीत होते व तुलूझ येथील रचनाकार पाचवी. एकीकडील बदल दुसरीकडील प्रतिरूपात नीट उतरले नाहीत, आणि प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी तारांचे जुडगे बसेनात. २००६ साली कंपनीला वारंवार विलंब जाहीर करावा लागला. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले. विलंबाला व्यवस्थापनाचीही कारणे होती, हे खरे. पण एकच रचना दोन प्रतींत नांदत असताना त्या दोहोंतील संबंध तुटला तर काय होते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

८. ओळखीचा प्रश्न

शेवटी, नकलेच्या ओळखीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ऑटोकॅडमधील प्रत्येक वस्तूला फाइलपुरते अद्वितीय असे 'हँडल' असते, आणि इमारतींच्या माहितीसाठी वापरल्या जाणाऱ्या आयएफसी ह्या मानकात महत्त्वाच्या प्रत्येक घटकाला १२८ बिटांचा जागतिक ओळखक्रमांक असतो. नकल केली की वस्तूला नवी ओळख मिळाली पाहिजे, हे उघड आहे. परंतु माणसाने लिहिलेली ओळख यंत्राला ओळख म्हणून कळत नाही. 'व्ही-१०१' असा क्रमांक लिहिलेल्या व्हॉल्व्हची नकल केली तर हँडल नवे होते, पण नावाची पट्टी मात्र 'व्ही-१०१' अशीच राहते. आता कारखान्याच्या नकाशात एकाच क्रमांकाचे दोन व्हॉल्व्ह आहेत. खरेदीच्या यादीत क्रमांकानुसार मोजणी झाली तर एकच मागविला जाईल. दुरुस्तीच्या वेळी 'व्ही-१०१ बंद करा' असा आदेश निघाला तर कोणता बंद केला जाईल, हे सांगता येणार नाही. नकलेतील दोष येथे आरेखनाची सीमा ओलांडून माणसाच्या सुरक्षिततेपर्यंत पोहोचतो.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, आरेखनातील नकल ही आकाराची पुनरावृत्ती नसून संबंधांविषयी घेतलेला निर्णय आहे. तो निर्णय आरेखनकार घेत नसेल, तर प्रणाली घेते. म्हणून प्रत्येक पेस्टपूर्वी तीन प्रश्नांची सवय लावून घेणे हितावह ठरेल : ही वस्तू मुळाबरोबर बदलावी काय? तिच्याबरोबर काय यावे आणि काय मागे राहावे? आणि नव्या जागी तिचे नाव काय असावे? ह्यांतील पहिल्या प्रश्नाने प्रत व प्रतिनिधी ह्यांतील निवड होते, दुसऱ्याने संबंधांची मर्यादा ठरते आणि तिसऱ्याने ओळख निश्चित होते.

संशोधनाच्या दृष्टीने पाहता, भूमितीची नकल हा प्रश्न सुटलेला आहे व संबंधांच्या नकलेची यंत्रणाही चांगली विकसित झाली आहे. सुटावयाचा राहिला आहे तो हेतूच्या नकलेचा प्रश्न. दोन खिडक्या सारख्या आहेत हे यंत्र ओळखू शकते. त्या सारख्या असाव्यात अशी रचनाकाराची इच्छा होती की तसे केवळ घडले, हे फाइलमध्ये कोठेही लिहिलेले नसते. हा भेद नोंदविण्याची सुलभ आणि आरेखनकाराच्या कामात व्यत्यय न आणणारी रीत शोधणे, हे ह्या क्षेत्रातील अभ्यासकांपुढील एक महत्त्वाचे कार्य आहे. तोपर्यंत त्या नोंदीची जबाबदारी आरेखनकाराच्या स्मरणावर आणि त्याच्या शिस्तीवरच राहणार.